श्वास रोखा

एकतीस वर्षं ससूनच्या एक्स-रे विभागात
मी एकच वाक्य बोलले:
श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका. सोडा.

माणसं गुणी असतात, ऐकतात.
खोकणारे म्हातारे, झाडावरून पडलेली पोरं,
आत काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नसलेल्या बायका
गार पत्र्याला छाती लावून
तेवढ्यापुरत्या थिजायच्या.

सोनकी ऐकत नाही.

कल्याण गावातून सिंहगडावर चढणारी वाट,
भाद्रपद सरत आलेला,
आणि मी चिखलात कोपरं रोवून पालथी.
गुडघ्यांखाली रुमालाची घडी.
समोर करंगळीच्या नखाएवढं फूल
आणि पानशेतकडून येणारा वारा.
हलू नका, म्हणते मी.
फूल डावीकडे जातं.
अहो, हलू नका.
फूल खाली वाकतं, वर येतं,
नकार द्यायलाही त्याला मान आहे.

मग स्वतःचाच श्वास रोखते.
कानात नाडी. कोपराखाली ओला कातळ.
वारा क्षणभर कुठेतरी अडखळतो
आणि खट्.

घरी, सहकारनगरात, रात्री मोठ्या पडद्यावर
वाटेवर न दिसलेलं दिसतं:
पाकळ्यांच्या काठाशी एक पिवळाच कोळी,
पिवळ्यात पिवळा,
आणि त्याच्या मिठीत माशी.
तिथे आडवी पडून मी काय म्हणत होते?
किती गोड, किती गोड.
फिल्म दिव्यासमोर धरणारे आमचे डॉक्टर
मधेच गप्प व्हायचे,
त्याची आठवण झाली.

चतुर मात्र थेट माझ्या खात्यातला.
ऊन मागून आलं की पंखाची शीर न् शीर,
कुठे चिरलेलं, कुठे कोपरा गेलेला,
तरी हा उडतोच आहे तळ्यावर.
कोपऱ्यात डावा-उजवा लिहायचा
हात शिवशिवतो.

सोबतचे आगटे नावं सांगतात, लॅटिनमधली,
घसा खाकरून,
आणि पुढे निघून जातात. त्यांना माथा गाठायचा असतो.
मी एका झुडपापाशी दीड तास.

अशाच एका दीड तासात
ठकूबाई ढेबे येऊन उभी राहिली,
मागे चार म्हशी.
"कशाचा फोटू काढतीस? हितं तर काय बी न्हाय."
कॅमेरा दाखवला.
तिनं पडदा पदरानं पुसला, आणखी मळवला,
बघत राहिली.
"एवढं रूप हाय व्हय ह्याला!
म्हसरं तर तोंड बी लावीत न्हाईत."
मग जरा थांबून, "माझा काढ."

आधार कार्डाला उभी राहावी तशी ती उभी.
आणि माझ्या तोंडून, सवयीनं,
श्वास घ्या. रोखून धरा.
तिनं खरंच धरला.
गाल फुगलेले, डोळे मोठे,
पाठीमागून म्हशीनं नाक खुपसलं
आणि ठकूबाई अशी काही हसली
की आगटे वरच्या वळणावरून ओरडले, काय झालं?

चेहऱ्याच्या जागी उजेडाचा एक फराटा.
पदर म्हणजे नुसता रंग.
म्हैस तर ढग वाटावी.
त्या सगळ्या फोटोत एकच गोष्ट स्पष्ट:
लुगड्याच्या काठावर बसलेला नाकतोडा,
पायांवरचे काटे मोजून घ्यावेत असा.

आगटे म्हणाले, वा, नाकतोडा छान आलाय.
नाव शोधू याचं.

पुढच्या रविवारी प्रिंट नेली तिच्यासाठी.
उलटी धरली, सुलटी धरली.
"मी कुठाय?"
मी फराट्यावर बोट ठेवलं.
तिनंही ठेवलं, तिथंच, थोडा वेळ.
"दम सुटला व्हता नव्हं," म्हणाली,
आणि फोटो चोळीत सरकवून
म्हशींना हाक मारत उतारावर गेली.

वारा होताच. सोनक्या हलत होत्या.
मी कॅमेरा काढला नाही लगेच.